राफाएलच्या वाट्याचा डोळा

८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आई फोनवर खरं सांगत नाही, म्हणून हे पत्र. आईला मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल, शेवटचा परिच्छेद सोडून.

तपासणीचा निकाल असा. डावा डोळा गेलेला आहे, ते आपल्याला माहीत होतंच. उजव्यात मधोमध एक तुकडा शिल्लक आहे, भिंतीतल्या झरोक्याएवढा. त्यातून ती अजून सुईत दोरा ओवते आणि माझे केस विस्कटलेत हेही तिला दिसतं. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. नव्या थेंबांनी डोळ्यातला दाब खाली राहतो आणि उरलेलं टिकतं, इतकंच. याहून जास्त काही होईल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस.

या वेळी दाब आटोक्यात निघाला. डॉक्टरांनी श्रेय थेंबांना दिलं, आईने महादूत राफाएलला. निघताना तिचं पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा मी म्हणाले की दोन गोष्टी एकदम चालू ठेवल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातलं तपासणीचं यंत्र बिघडलं तर आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. विषय संपला.

हा भाग वाचू नकोस: उरलेला तुकडा गेला तर करण्यासारखं काही राहणार नाही. थेंब डोळ्यात पडतात की गालावर, तेवढं बघत जा.

माझ्यावरचा लोभ आहे तितका ठेव, वाढवायची सक्ती नाही.

तुझी
भाची

२४ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सांगितलंस तसं वाचून दाखवलं, तर तुझी आई, आमची धाकटी, म्हणते, शेवटचा कागद का दुमडलास. तिचे डोळे गेले पण कान शाबूत आहेत. माझं उलटं. दोघी मिळून एक धड बाई होते.

थेंब ती आपल्या हाताने घालते, मला जवळ येऊ देत नाही. म्हणते, मी काय तान्ही आहे का. आणि खरं सांगू, या दिवसांत माझी मान शिवणयंत्रावरून वर होत नाही. महिनाअखेरीस महादूतांचा सण, फादरांना मिस्साविधीचे झगे वेळेवर हवेत, आणि त्यांचं वजन वाढलेलं त्यांना मान्य नाही.

तू धर्मशिक्षणाच्या तासाला खिडकीच्या काचा मोजत बसायचीस, म्हणून पुन्हा सांगते. चर्चच्या डाव्या भिंतीशी तिघा महादूतांचे पुतळे उभे आहेत. मिखाएल लढणारा, त्याच्याकडे तलवार आणि तराजू. माणसाची घटका भरली की आत्म्याला सोबत करायलाही तोच येतो. गाब्रिएल निरोप आणणारा, त्याच्या हातात लिलीचं फूल. राफाएल बरं करणारा आणि वाटसरूंच्या बरोबर चालणारा, त्याच्याकडे काठी आणि मासा. शास्त्रात आहे, एका आंधळ्या म्हाताऱ्याचा मुलगा लांबच्या प्रवासाला निघाला, राफाएल अनोळखी माणूस होऊन त्याच्या सोबत गेला, आणि परतल्यावर माशाच्या पित्ताने बापाची दृष्टी आली. तोवर बरोबर कोण होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

धाकटीने राफाएलची नोव्हेना, सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, धरली आहे. रोज संध्याकाळी जाते. त्याचा चेहरा तिला उंचावर दिसत नाही, मासा मात्र हाताला लागतो, तो चाचपत बसते. पुतळ्यावरचा रंग त्या जागी उडाला, फादर आता माझ्याकडे बघतात. पण तुला आनंदाची गोष्ट सांगते. तिच्या डोळ्यांची लाली पार गेली, चुरचुर थांबली. काल गुणगुणत होती. किती महिन्यांनी.

वेळेवर जेवत जा. म्हाताऱ्या मावशीची आठवण यंत्रांच्या मधून मधून काढत जा.

तुझी
मावशी

५ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न.

लाली गेली हे चांगलं झालं. त्या थेंबांनी सुरुवातीला डोळे लाल होतात, पुढे रुळतात. तसंच झालं असणार. मी डॉक्टरांना विचारलं नाही, विचारायची गरज वाटली नाही. पुढची तपासणी डिसेंबरात आहे, तोवर थेंब चालू राहू देत.

तुझी गोष्ट वाचली. त्यातल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर पांढरे डाग पडले होते असं आठवतं. ते डोळ्याच्या पुढच्या पडद्याचं दुखणं झालं. आईची मागची नस गेली आहे. राफाएलने बरी केलेली केस वेगळी होती, एवढं तिला सांग; किंवा नको सांगूस, गुणगुणू दे.

इथे नवीन काही नाही. खोलीतला नळ गळत होता, मी दुरुस्त केला. घरमालकीणबाईंनी लग्नाचं विचारलं, त्यांना नळाबद्दल सांगितलं.

तुझी आठवण काढते. यंत्रांच्या मधूनच, पण काढते.

तुझी
भाची

२८ ऑक्टोबर

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

हे कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळच लिहिते.

परवा धाकटीने वेदीच्या चादरीवर क्रूस भरला आणि चादरीबरोबर स्वतःचा परकरही शिवून टाकला. उठली तेव्हा सगळं ओढलं गेलं. मी हसले, तीही हसली. मग ती दाराकडे म्हणून गेली ती कपाटावर आदळली. मी तिच्यासमोर हात धरला, तर हात कुठे आहे ते तिला सांगता येईना.

मी थेंबांची बाटली मागितली. भरलेली होती. मी ओरडले तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली की नोव्हेनेच्या पहिल्या दिवसापासून थेंब बंद आहेत. लेकीनेच सांगितलं होतं म्हणे, एका वेळी एकच गोष्ट ठेवायची. राफाएलला बंद करता येत नाही, म्हणून तिने थेंब बंद केले. सणापर्यंतच ठेवणार होती, पण चुरचुर थांबली, लाली गेली, तिला तो कौल वाटला. पूर्वी राफाएलचा वेगळा सण ऑक्टोबरअखेरीस यायचा, तोवर वाढवलं. आणि मी तुला कौतुकाने लिहिलं की ती गुणगुणते.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी दाब बघितला आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. थेंब पुन्हा सुरू केलेत, गोळ्याही दिल्यात. नीट तपासणीसाठी तुमच्या दवाखान्यात न्या म्हणाल्या.

मी फादरांकडे गेले. ते रागावले नाहीत, मला ते जास्त लागलं. ते म्हणाले, राफाएल बरं करणारा म्हणतात, पण बरं करणं देवाचं. महादूत आपली प्रार्थना उचलून वर नेतो, उत्तर त्याच्या हातात नसतं; आणि औषध बंद कर असं त्याने कोणालाही सांगितलेलं नाही, त्याने तर स्वतः औषध दाखवून दिलं. हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हणाले. ते म्हणाले, तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं. मी आता त्या भिंतीकडे बघत नाही, मागच्या बाकावर बसते आणि काही न मागता घरी येते.

एक मागणं आहे. दाब कशाने वाढला हे तिला सांगू नकोस. तिला वाटतंय की उजेड कमी झाला तो थंडीच्या दिवसांमुळे.

खालचं धाकटीने सांगितलं तसं लिहिते आहे:

बाळा, तू सांगितलंस तसं केलं. मध्येच काही मिसळलं नाही. आता तुझ्या यंत्रावर बघून सांग, फरक कशाने पडला. मावशी उगीच रडते आहे. तुझ्याकडे येताना काय आणू?

तुझ्यावर माझा राग नाही, हे लक्षात ठेवून पुढचं पत्र लिही.

मावशी

१ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न.

सोमवारी सकाळच्या बसने तिला पाठव. कंडक्टरला सांगून पुढच्या सीटवर बसव. मी स्टँडवर असेन. काही आणायला सांगू नकोस.

लाली गेल्याचं तू लिहिलं होतंस. मी वाचलं होतं.

तिला काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही.

भाची

१२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे, जेवते, झोपते. आधी डॉक्टर काय म्हणाले ते सांगते: दाब उतरला आहे, त्याचा आता उपयोग नाही. ऑपरेशनबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, वाचवायला काही असतं तर केलं असतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. तिला मी इथेच ठेवून घेते. माझी खोली लहान आहे, तिला ती लवकर पाठ होईल. तिचे कपडे आणि भरतकामाचा डबा पाठव. डब्याचा उपयोग नाही हे मला माहीत आहे, तरी पाठव.

तपासणी मी केली. माझ्याबरोबर काम करणारी सोबतीण करणार होती, पण आईने हट्ट धरला की लेकीनेच करायची. ते यंत्र म्हणजे आतून पांढरा अर्धगोल. माणसाने त्यात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघायचं. आजूबाजूला एकेक बारीक उजेड लागतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मधला दिवा दिसतो का असं मी विचारलं, तर दिसतो म्हणाली. तिचा चेहरा दिव्याच्या बाजूला वळलेला होता. मी हनुवटी धरून सरळ केला.

सुरू करण्याआधी तिने मला पुन्हा विचारलं, की फरक कशाने पडला ते आता कळेल ना. मी सांगितलं, एका तपासणीवरून तसं सांगता येत नाही. हे वाक्य अगदी बरोबर आहे. तुझं मागणं पाळलं गेलं, पण ते मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. मला सांगता आलं नाही.

मग ती बटण दाबत गेली. यंत्र अधूनमधून उजेड न लावता थांबतं, माणूस अंदाजाने दाबतो का ते बघायला. ती तेव्हाही दाबत होती. सगळ्यात मोठा उजेड लावला, तेव्हाही तितक्याच संथपणे. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही, पण राफाएलचं नाव दोनदा कळलं. अशा वेळी आम्ही यंत्र थांबवून पेशंटला पुन्हा समजावतो, की दिसलं तरच दाबायचं. मी समजावलं नाही.

तपासणी संपली की आतले दिवे विझतात आणि पंखा बंद होतो. तो बंद झाला. आईने तोंड बाहेर काढलं नाही. अंगठा चालूच होता. बाहेर पुढचे गृहस्थ खोकत होते, सोबतिणीने दोनदा दार उघडून बघितलं. मी शेजारच्या स्टुलावर बसून राहिले आणि संपलं असं काही तिला म्हणाले नाही.

पत्र आईला वाचून दाखवलेलं नाही. आता कागद दुमडावा लागत नाही. तुझा लोभ तिच्यावर आहेच, माझ्या वाटणीचा राहिला असेल तर तोही तिलाच दे.

तुझी
भाची