चार खणांचं कपाट आणि मी, मुख्य प्रशासक

१ जानेवारी १९६४, बुधवार. पहाटे ५ (घड्याळ मागे असल्यास ७).
नवं वर्ष, नवे संकल्प. रोज पाचला थंड पाण्यानं अंघोळ. तंबाखू बंद. सुभद्रेवर आवाज चढवायचा नाही. आणि सर्वांत मोठा: या सीझनला अन्नपूर्णेचं लग्न. पोरीला एकविसावं लागलं. मॅट्रिक आहे, अक्षर सुरेख, पण दोन ठिकाणांहून नकार आले. तेव्हापासून घास गोड लागत नाही.
आता हे काम सिस्टिमनं करायचं. अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड कीपर होतो, एक कागद हरवला नाही. जे हरवले ते माझ्या रजेत.
बुलढाण्यात स्थळं जुळवणारे तिघं, आणि तिघंही माझ्याच ओट्यावर बसून माझाच चहा पितात. पंजाबरावांची यादी टोपीत, पुष्पाबाईंची कमरेच्या पिशवीत, रहेमतुल्ला टेलरची मापाच्या वहीत. पंजाबराव आणि पुष्पाबाई एकमेकांना चिटोराही दाखवत नाहीत. स्थळ दुसऱ्याला कळलं की मध्यस्थाला कोण विचारतो? गेल्या पावसात टोपी भिजली आणि पंजाबरावांचे अकरा नवरदेव पुसले गेले.
म्हणून योजना: एकच कपाट, चार खण. तिघांना एकेक, चौथा ऑफिसचा. एकाचं दुसऱ्याला दिसणार नाही. वर मी, मुख्य प्रशासक.
कपाट घरात आहेच. सागवानी, लिलावातलं. सुभद्रेनं अन्नपूर्णेच्या आंदणासाठी घेऊन ठेवलंय. ती म्हणे, काऊन हो, पोरीच्या कपाटाले हात काऊन लावता? समजावलं. आवाज चढला. तो संकल्प उद्यापासून.

२ जानेवारी, गुरुवार.
अंघोळ पाचला केली. तंबाखू फक्त जेवणानंतर.

५ जानेवारी, रविवार.
दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून पाच कुलपं घेतली. एकाच घडणीची, एकाच वजनाची. त्याच्याकडे वेगवेगळी पण होती, पण युनिफॉर्मिटी हा ॲडमिनिस्ट्रेशनचा पाया. चार कपाटाला, पाचवं सुभद्रेच्या लोणच्याच्या फडताळाला, म्हणजे तिचंही तोंड बंद. किल्ल्यांना लाल, हिरवा, पिवळा, पांढरा दोरा बांधला. दोन दोन किल्ल्या: एक खणाच्या भाडेकरूला, एक मला.
नियम असे. कोणी कोणाच्या खणाला हात लावणार नाही. प्रत्येकाचा वार ठरलेला. मुख्य प्रशासकालाही लेखी अर्जाशिवाय खण उघडता येणार नाही. स्थळांची कार्डं अन्नपूर्णा लिहील. तिला बजावलं, वाचायचं नाही, नुसतं लिहायचं. तिनं मान हलवली. पोरगी आज्ञाधारक आहे.
ही रोजनिशी चौथ्या खणात, कुलपात. माझ्याशिवाय वाचणारा कोणी नाही, त्यामुळे इथे निर्धास्त लिहिता येतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
उद्घाटन झालं. तिळगूळ वाटला. भाषण चाळीस मिनिटांचं होतं, पण तिघं बारा मिनिटांतच कपाटाकडे गेले. पंजाबरावांनी कुलूप तीनदा ओढून पाहिलं. पुष्पाबाईंनी चारदा. रहेमतुल्ला म्हणे, शालिग्रामजी, पंजाबरावचे नवरदेव मले चालत नाहीत, माहे त्याले चालत नाहीत, मंग माह्या खणाले कुलूप कोनासाठी? त्याला सांगितलं, प्रश्न नवरदेवांचा नाही, तत्त्वाचा आहे. तो म्हणे, बरं बा, लावा. तत्त्व कळायला शिक्षण लागतं.

२२ जानेवारी, बुधवार.
अन्नपूर्णेचं कार्ड कोणत्या खणात? एक स्थळ एकाच खणात, हा नियम मीच केलेला. परवा चिठ्ठी टाकली. पुष्पाबाईंचं नाव निघालं. पंजाबराव दोन दिवस चहाला आले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार.
आज तपासणी. स्वतःला लेखी अर्ज दिला, विचार करून मंजूर केला आणि पंजाबरावांचा खण उघडला. गडबडीत लाल दोऱ्याच्या जागी हिरव्या दोऱ्याची किल्ली लावली, तरी उघडला. माझ्या हाताला गुण आहे. नोकरीतही रुसलेली कुलपं मलाच बोलवायची.
आत एक कार्ड सापडलं. उंद्रीचा सहदेव. शाळामास्तर, पाच फूट आठ, निर्व्यसनी, स्वभाव शांत, मुलगी शिकलेली पाहिजे. देवानं माझ्या अन्नपूर्णेसाठीच घडवला. पण माहिती पंजाबरावांच्या खणातली आणि पोरीचं कार्ड पुष्पाबाईंच्या. मी ती वापरली तर सिस्टिम कोसळेल. कार्ड परत ठेवलं. असा निःस्पृह माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही. जेवण गेलं नाही.

२९ फेब्रुवारी, शनिवार.
सिस्टिमचं यश. दीड महिन्यात पाच लग्नं ठरली, पूर्वी वर्षाला दोन व्हायची. पंजाबराव आणि पुष्पाबाई आता भांडत नाहीत, काल एकाच बशीतून भजी खात होते. वेगळं ठेवलं की मनं आपोआप जवळ येतात, हा माझा सिद्धांत.
काही कार्डांना लोणच्याच्या तेलाचे डाग आहेत. एकावर हळदीचं बोट. शुभ आहे.
दुपारी घरात बायकांची गर्दी असते. सुभद्रा म्हणे, पापड लाटून राह्यलो. लाटू देत. ऑफिसात लुडबूड नको. मी त्या वेळी झोपतो.

१२ मार्च, गुरुवार.
सरकारला पाठवायला अहवाल लिहायला घेतला. महाराष्ट्र होऊन चार वर्षं होत आली, पण एका कपाटात चार जणांनी सुखानं कसं नांदावं याचं धोरण अजून नाही. पहिलं पान झालं. शीर्षक उत्तम जमलं.
जेवताना सुभद्रा म्हणे, काहो, पाच फूट आठ म्हंजे आपल्या चौकटीले डोकं लागंल का? मी म्हटलं, कोणाचं? ती म्हणे, असंच. बायकांचं डोकं कुठे चालेल, सांगता येत नाही.

२० मार्च, शुक्रवार.
मार्ग काढला. नमुना क्रमांक सात. एका खणातली माहिती दुसऱ्या खणाला हवी असल्यास तीन प्रतींत अर्ज, माझ्यामार्फत. दोघांना दिला. पंजाबराव म्हणे, मी काऊन अर्ज करू, तिनं करावं. पुष्पाबाई म्हणे, माही जूती करंल. अर्ज कोरे परत. पंजाबरावांनी एका प्रतीवर पानाचा चुना पुसला आहे.

३० मार्च, सोमवार.
ओट्यावर पंजाबराव सहज बोलले की वरवट बकालची मंडळी येत्या रविवारी सहदेवला पाहायला उंद्रीला जाणार. पोरगा हातचा जाते म्हणे.
मी नुसतं बरं म्हटलं. आत आलो. चौथा खण उघडला, बंद केला. नियम मोडावा का? अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोडला नाही. पण अन्नपूर्णा चुलीपुढे बसून दुसऱ्यांच्या पोरींची कार्डं लिहीत होती, त्यांची उंची, त्यांचा रंग, त्यांचं शिक्षण. ते पाहून मला रडू आलं. कपाटाआड उभा राहून रडलो. माणसानं स्वतःच्या हातानं कुलूप लावावं आणि पोरीचंच नशीब आत राहावं! कोणाला सांगू?
स्वतःला नियम शिथिल करण्याचा अर्ज दिला. सुनावणी ६ एप्रिल.

५ एप्रिल, रविवार. दुपार.
सकाळी डोकं शांत करायला देवळात गेलो. परत येतो तर ओट्यावर आठ जोडे. आत उंद्रीची मंडळी पोहे खाऊन राह्यली. मधे सहदेव, खरोखर पाच फूट आठ, चौकटीला डोकं लागून टेंगूळ. पंजाबराव आणि पुष्पाबाई मांडीला मांडी लावून. रहेमतुल्ला नवरदेवाच्या कोटाचं माप घेऊन राह्यला. कोणी म्हणे, या शालिग्रामजी, बसा, तुमचंच घर हाय. सुपारी फुटली. मी फक्त नमस्कार केला.
मंडळी गेल्यावर विचारलं, हे झालं कसं? सुभद्रेनं कमरेची लोणच्याच्या फडताळाची किल्ली काढली. पहिल्या खणाला लावली, उघडला. दुसरा, तिसरा, चौथा. पाच कुलपं, एक किल्ली. म्हणे, संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी मले समजलं, मी लोणचं काढाले गेली अन् चुकून तुमच्या कपाटाले लावली. म्हणे, दुपारी तुमी झोपले का आमी सारी कार्डं अंथरत होतो. पापड कोण लाटते?
पंजाबराव हसून म्हणे, आमाले तर तिसऱ्याच दिवशी. तुमाले सांगाव का नाही, यावर आमची मीटिंग झाली होती.
मी म्हटलं, गोपनीयता? रहेमतुल्ला म्हणे, ते हाय ना. तुमच्यापासून.

१० मे, रविवार. रात्री.
लग्न पार पडलं. पोरगी गेली. बैलगाडीत मागे कपाट, आंदण म्हणून, सुभद्रेनं ठरवलं होतं तसंच. सहदेव म्हणे, चार खण आहेत, शाळेची दप्तरं ठेवू. कुलपं पण नेली. त्याला युनिफॉर्मिटीबद्दल काही बोललो नाही.
चौथा खण रिकामा करताना ही रोजनिशी बाहेर काढली. आत्ता पहिल्यांदाच मागची पानं उघडून बसलो तर समासात ठिकठिकाणी पेन्सिलीची बारीक अक्षरं. ते सुरेख अक्षर मी कुठेही ओळखीन.
२ जानेवारीपुढे: बाबा, साडेआठ.
९ फेब्रुवारीपुढे: जेवण गेलं नाही कसं? तीन भाकरी.
१२ मार्चपुढे: आईला मीच सांगितलं होतं.
३० मार्चपुढे फार बारीक लिहिलंय, कंदील जवळ घ्यावा लागला. बाबा, हे आईला वाचून दाखवलं. तिनं त्याच दिवशी पंजाबरावांना उंद्रीला पाठवलं. तुमची सुनावणी सहाला होती, तोवर फार उशीर झाला असता. रडू नका.
पुन्हा रडलो. या वेळी कपाट नव्हतं, म्हणून सुभद्रेसमोरच. ती म्हणे, चाला, झोपा आता, सकाळी लवकर उठा लागते ना तुमाले.

११ मे, सोमवार.
अंघोळ: साडेआठ.