रोवीच्या गावातली नऊ ठिकाणं

३ मे, सकाळी ६:१०
नकाशा छापून आला. पिवळा कागद, दीडशे प्रती. ‘रोवीचं बालिंगाय: नऊ ठिकाणं, तुमची तुम्ही फिरा.’ खाली माझं नाव: सेवेरिनो लाग्रोसास, निवृत्त रजिस्ट्रार, बालिंगाय हायस्कूल. नावाचं अक्षर जरा मोठं झालंय. छापणाऱ्याने आपणहून केलं. मी फक्त सुचवलं होतं.
हे कुणीतरी करायलाच हवं होतं. फिएस्ता, म्हणजे गावची जत्रा, पंधरा तारखेला. सेबूपासून मनिलापर्यंतच्या पोरी एवढ्या गाजलेल्या गायिकेचं, रोवीचं गाव बघायला येतात आणि बसमधून उतरून नुसत्या उभ्या राहतात. मार्गदर्शन शून्य.
आणि ते करायचा अधिकार माझाच. चौदा वर्षांपूर्वी फिएस्ताच्या गाण्याच्या स्पर्धेत ती नऊ वर्षांची होती आणि मी मुख्य परीक्षक. तिला पहिल्यांदा ओळखलं ते मी.
कॉन्सोलासिओनने स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, नंबर कितवा दिला होता तिला?
सहावा. पण तो का दिला, हे समजून घ्यायला हवं. पहिला दिला असता तर पोरगी तिथेच समाधानी झाली असती.
ती म्हणाली, स्पर्धेत पोरं सातच होती.
बायकोशी कलेवर चर्चा करायची नाही. आजपासून नियम.

५ मे, दुपारी
ठिकाण क्रमांक एक: आमच्या फाटकाजवळचं बाकडं. पावसात ती इथे बसली असणार. गावातलं एकमेव छपरावालं बाकडं आहे. ठिकाण तीन: पुरिताची पेजेची गाडी. तिथे प्रती ठेवायला गेलो तर पुरिता म्हणाली, रोवी माझ्याकडे कधी जेवली नाही, दादा. तिच्याकडे कुठून पैसे असणार? मी म्हणालो, वास तरी घेतला असेल ना.
ठिकाण सात माझं आवडतं. उत्तरेकडच्या किनाऱ्यासमोरचा काळा खडक. ओहोटीला चालत जाता येतं. लिहिलंय, ‘रोवी इथे बसून लाटांच्या आवाजावर रियाज करायची.’ मी पाहिलेलं नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण समुद्राकाठी जन्मलेली गायिका आणि समोर असा खडक. तर्क हासुद्धा पुरावाच असतो.
नगरपालिकेची जेमालिन येऊन विचारून गेली, नकाशा रोवीच्या आईला दाखवलात का? म्हणालो, अर्थात.
दाखवलेला नाही. उद्या दाखवतो.

७ मे
काल ऊन फार होतं.
आज रोवीच्या घराच्या वळणापर्यंत गेलो. तिथे कुत्रा आहे.
खरं कारण लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे. फेलिसा, म्हणजे रोवीची आई, अजून त्याच घरात राहते, मासळी सुकवते. लेकीने शहरात बोलावलं तरी गेली नाही. आणि चौदा वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. बाजारात समोरून येते आणि सरळ पुढे जाते. सहाव्या नंबरचा राग. आईचं मन, समजू शकतो. पण इतका काळ?

८ मे
बाजारात फेलिसा दिसली. नकाशा खिशात होता. तेवढ्यात मला केळी बघायची होती. तीन फण्या घेतल्या. घरी आधीच दोन होत्या.

९ मे, संध्याकाळी
पहिली तुकडी. सेबूच्या चार मुली. बाकड्याचे फोटो काढले, मला आजोबा म्हणाल्या. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. श्वास कसा धरायचा ते मी रोवीला शिकवलं, हे सांगितलं. एकीने विचारलं, पण ती तर म्हणते मला कुणीच शिकवलं नाही? म्हणालो, मोठे कलाकार गुरूचं नाव उगाच चारचौघांत घेत नाहीत.
चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. पटलं असावं.

११ मे, दुपारी १२:३०
बाकोलोदहून दोघी बहिणी. थोरली एकोणीसची, धाकटी चौदाची. सोबत मावशी, तिचे पाय सुजलेले, ती पुरिताकडे बसली. धाकटीने सातव्या ठिकाणाबद्दल विचारलं. म्हणालो, दुपारी जा, उजेड छान असतो. नकाशावरही तेच छापलंय.

दुपारी ३:२०
मावशी फाटकाशी आली आहे. पोरींनी खडकावरून फोटो पाठवला, मग फोन लागेना. भरती कधी आहे, असं विचारते.
कॅलेंडर काढलं. पूर्ण भरती ४:४८.
नकाशावर भरतीबद्दल काही लिहिलेलं नाही. जागा पुरली नव्हती.

३:३१
घाबरून चालणार नाही. मन स्थिर राहावं म्हणून लिहितोय. मी निघतोच आहे. बूट सापडत नाहीत.

३:३४
कॉन्सोलासिओन अनवाणीच निघून गेली. मावशीला घेऊन. जाताना मला म्हणाली, वही ठेवा.

४:१५, किनाऱ्यावर
वही खिशात राहिली होती.
वाटेवर आता छातीइतकं पाणी. पोरी खडकाच्या टोकावर, लाट त्यांच्या घोट्यांना लागतेय. धाकटीचं तोंड उघडं दिसतं, आवाज येत नाही. वाऱ्याचाच आवाज. माणसं सगळी दक्षिणेला, फिएस्ताच्या शर्यतीच्या होड्या रंगवताहेत. मी पाण्यात उतरलो. गुडघ्यापर्यंत. मला पोहता येत नाही. हे कारण नाही, वस्तुस्थिती आहे.
फेलिसा होडी ढकलत येतेय.

सायंकाळी ७
दोघी सुखरूप. देवाची कृपा.
फेलिसा वल्हं मारत होती आणि कॉन्सोलासिओन होडीच्या बाजूच्या बांबूला धरून गळ्यापर्यंत पाण्यात. माझी बायको पोहते, हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. मी किनाऱ्यावरून डावीकडे, डावीकडे असं सांगत होतो. ऐकू गेलं नसावं. त्या उजवीकडून गेल्या.
पहिल्यांदा होडी खडकाला लागलीच नाही, लाटेने मागे फेकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी थोरलीने धाकटीला अक्षरशः खाली होडीत ढकललं आणि मग स्वतः उडी मारली. धाकटी वाळूवर बसून माझ्या बुटांकडे बघत राहिली. बूट माझ्या हातात होते.
फेलिसाने ओला पिवळा कागद उचलला, वाचला. हे कुणी लिहिलं, म्हणाली. आवाज चढवला नाही.
मी म्हणालो, छपाईची चूक असेल.
मावशी म्हणाली, खाली नाव आहे की. मोठ्या अक्षरात.
फेलिसाने नाव वाचलं नाही. म्हणाली, माझा नवरा या खडकापलीकडे गेला तो परत आला नाही. रोवी सहा वर्षांची होती. ती या किनाऱ्यावर पाऊलसुद्धा टाकत नाही. गायची कुठली?
मग होडी ओढत निघून गेली.

१२ मे
झोप नाही. जेमालिन येऊन उरलेले नकाशे घेऊन गेली. मी स्वेच्छेने दिले. पुरितानेही तिच्याकडचे परत पाठवले, त्यांवर पेजेची पातेली ठेवल्याचे गोल डाग.
खुलासा लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात चूक छापखान्याची होती. दुसऱ्यात भरतीची. तिसऱ्यात पोरींनी कॅलेंडर बघायला हवं होतं, असं आलं. ते वाचताना धाकटीचं उघडं तोंड दिसलं. फाडला.
कॉन्सोलासिओनने जेवायला वाढलं. केळी होती.

१३ मे, रात्री
गेलो. कुत्रा होता, पण झोपला होता.
फेलिसा अंगणात बांबूच्या चटयांवर मासळी पसरत होती. मी प्रस्तावना सुरू केली. तिने माझ्या पुढ्यात एक चटई सरकवली आणि म्हणाली, ऊन आहे तोवर उलटायला हवेत, हात चालवा. दोन तास बांगडे उलटले. बोटं कापली. प्रस्तावना विसरलो.
मग एकदम बोलून टाकलं. नकाशा मी लिहिला. खडकाचं खोटं आहे. बाकड्याचंही. पेजेचंही. मी तिला काहीच शिकवलेलं नाही. स्पर्धेत सहावा नंबर दिला तो मला सूर कळत नाहीत म्हणून. पहिला नंबर मी महापौरांच्या भाचीला दिला. तुम्ही चौदा वर्षं माझ्याशी बोलला नाहीत ते बरोबरच केलंत.
ती हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. नीट आठवण्याचा प्रयत्न करत होती.
म्हणाली, स्पर्धेत तुम्ही होता?
म्हणालो, मुख्य परीक्षक.
म्हणाली, रोवीला त्या दिवशी ताप होता, एवढं आठवतं. परीक्षक कोण होते कुणास ठाऊक. तुम्ही तर पाणी खात्यातले ना? मीटर बघायला येणारे. म्हणून बाजारात टाळायचे, आमचं मीटर बंद आहे ना.
राग नव्हताच. चौदा वर्षं.
निघताना म्हणाली, नवऱ्याच्या किनाऱ्यावर पुन्हा कुणाला पाठवू नका. म्हणालो, नाही. ते मनापासून म्हणालो.

१४ मे, सकाळी १०
उद्या फिएस्ता. नगरपालिकेचा नवा नकाशा लागला. चार ठिकाणं. आमचं बाकडं नाही. योग्यच आहे.
फेलिसाकडे पुन्हा मासळी उलटायला गेलो, तिने बोलावलं नव्हतं. शेजारीण आली. फेलिसा तिला म्हणाली, हे पाणी खात्यातले, माणूस चांगला आहे. तोंड उघडलं होतं, सांगणारच होतो. पण शेजारणीने लगेच विचारलं, आमच्या नळाला पाणी कधी येणार, साहेब?
साहेब म्हणाली.
मंगळवारी, म्हणालो.