रेश्माचा किनारा

६ जानेवारी

रेश्मालाच पाठवणार. ठरलं. कोकणातल्या त्या गावाचा किनारा दरवर्षी खचतोय, वाळूची टेकाडं वाहून चाललीत, आणि ती वाचवायचा आराखडा गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन करायचाय. आमच्या सगळ्या संस्थेत समुद्रकाठचं प्रशिक्षण घेतलेली मी एकटी! उदयसिंह सर म्हणाले, "मॅडम, घरी सासूबाईंचं दुखणं हाय. तुमाला तिकडं कसं पाठवू?" मला विचारलं का? नाही. मी "बरोबर आहे सर" म्हणाले आणि रेश्माला पेढा भरवला.

ही पोरगी करमाळ्याहून आली तेव्हा चार माणसांत बोलायला घाबरायची. शिवारफेरी कशी काढायची, पारावर रांगोळीनं गावाचा नकाशा कसा मांडायचा, गप्प बसलेल्या बायकांना बोलतं कसं करायचं — सगळं माझ्या मागे फिरून शिकली. आता ती निघाली आणि मी इथं.

९ जानेवारी

गेली. नवी बॅग घेऊन.

१३ जानेवारी

ग्रुपवर फोटो टाकलेत. वाऱ्यानं रांगोळी उडायला लागली म्हणून हिनं बायकांकडून शिंपले आणि कोळसा मागवून वाळूवर नकाशा मांडला. घरं शिंपल्यांची, पाण्याची रेघ कोळशाची. मला हे सुचलं असतं का? असतं बहुतेक. सरांनी खाली अंगठ्यांची रांग लावली. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाला एक अंगठा नाही कधी. मीही टाकला नाही. मग टाकला, नाहीतर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

फोटोत ती गुडघाभर पाण्यात उभी आहे. हसतेय. जळफळाट म्हणतात तो हाच.

१५ जानेवारी

सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेलेत. मी सासूबाईंपाशी. त्यांनी मध्येच डोळे उघडून कन्नडमध्ये विचारलं, "रेश्मा यल्ली?" रेश्मा कुठाय! म्हणजे इथंही तीच! शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी दोनदा जेवायला काय आली, म्हातारीला तिचीच आठवण. औषध मी देते.

सोमेश परत आला तो म्हणाला, "तोंड का पाडलंयस? तुला हितं काय कमी हाय?" नवऱ्याला काय सांगणार. "काही नाही" म्हटलं.

२० जानेवारी

रेश्मानं कच्चा आराखडा पाठवला. "ताई, सरांना द्यायच्या आधी तुमी बघा की. तुमी बघितल्याबिगर मला धीर न्हाय."

वाचला आणि हसूच आलं. टेकाडांवरची वेल उपटून साफसफाई, श्रमदानातून. टेकाडांच्या पायथ्याला दगडी भिंत, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही सोलापूरची माणसं! पाणी दिसलं की अडवायचं, उतार दिसला की दगड रचायचे. आमच्या हाडात मुरलंय ते. वर आमच्या पाणलोटाच्या कामातलं 'माथा ते पायथा' असंही लिहिलंय, जसा काही अक्कलकोटचा माळच आहे समोर.

अगं, ती वेलच तर वाळू धरून ठेवते! मर्यादवेल म्हणतात तिला. आणि भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना समोरची वाळू ओढून नेते. प्रशिक्षणात आम्हाला एका गावात नेऊन दाखवलं होतं — भिंत शाबूत होती, पुढचा किनारा नव्हता. होड्या ओढून ठेवायला जागा राहिली नव्हती. रेश्मा तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होती.

मी मेसेज केला, "छान झालंय. पाठव."

२१ जानेवारी

सर बघतीलच की. गावातलं कुणीतरी चूक काढेलच. मग सर म्हणतील, सिद्धेश्वरी मॅडमना पाठवायला पाहिजे होतं. एवढंच तर हवंय मला. त्यात गावाचं काय जातंय?

लिहून बरं वाटलं. खरंच वाटलं.

२३ जानेवारी

सरांनी वाचला. "एक नंबर!" म्हणाले. त्यांचाही जन्म बांध घालण्यातच गेला, त्यांना काय दिसणार. वर मला म्हणतात, "तुमच्या हाताखालची पोरगी, मॅडम, लई पुढं जाणार." प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहेत.

जेवणाच्या सुट्टीत फोन हातात घेतला होता. पण आता काय सांगू? तेव्हाच का नाही बोललात, असं तिनं विचारलं तर?

२५ जानेवारी

फोन केला नाही.

२६ जानेवारी

दुपारी रेश्माचा फोन. आनंदानं तिला धड बोलता येत नव्हतं. "ताई, झाला ठराव! कोळणी ऐकंनातच. भिंत नको म्हणल्या, होड्या कुटं ओढायच्या? मीबी घाबरले, म्हटलं ऱ्हाऊ दे भिंत. मग तुमचा मेसेज आठवला. माईकवर वाचून दाखवला. सांगितलं, आमच्या सिद्धेश्वरीताई समुद्राचं शिकून आलेल्या हायत, त्यांनी सगळं बघितलंय. तवा कुटं हात वर झाले."

मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. मी विचारलं, कुठं आहेस? म्हणाली, "टेकाडावर की. सगळं गाव आलंय वेल उपटायला. निम्मी झाली बघा."