उसने कान

८ फेब्रुवारी

वरच्या नर्सबाई कामावर गेल्या — आणि माझे अर्धे कान घेऊन गेल्या! दूधवाला दारात काहीतरी बोलला. अक्षरं उमटली तोवर तो फाटकाबाहेर.

ऐकू येईनासं झालं तेव्हा बोललेलं लिहून दाखवायची सोय मीच खटपट करकरून फोनवर बसवली. पण फोन माझ्यासारखाच म्हातारा. एकट्याच्या डोक्यात एवढं मावत नाही. म्हणून शेजारच्या शिंपीणबाई, खालचे घड्याळवाले आणि नर्सबाई, तिघांचे फोन भिंतीपलीकडून आपली थोडी अक्कल उसनी देतात. चौघे जवळ असले की शब्द पटापट येतात. कोपऱ्यापर्यंत गेलं की मी पुन्हा ठार बहिरी.

इमारत म्हणजे खुंटा झालाय. दावं जिन्यापुरतंच.

११ फेब्रुवारी

ताईचा मेसेज. महिनाअखेरीस मुलाकडे परदेशी चाललीय, कायमची. यायचं तर ये, नाहीतर राहिलं. बस, एवढंच! स्वतः मात्र कधीची इकडे फिरकलेली नाही.

माझ्या कानांचं तिला सांगितलेलंच नाही. जन्मभर तिने मला वेंधळी म्हटलं, त्यात ही भर कशाला? आणि आता समोर बसून नुसतं तोंड बघत राहू तिचं?

१२ फेब्रुवारी

नाही जाणार.

१५ फेब्रुवारी

शिंपीणबाई तापल्या. गळ्यात मापाची फीत, हात कमरेवर. "आजी, सख्खी बहीण चाललीय आणि तुम्ही खुराड्यात अंडी उबवत बसा!"

म्हटलं, मग तुमचा फोन द्या बरोबर. गळ्यातली फीत गुंडाळायला लागल्या. सगळी गिऱ्हाइकं त्याच्यावरच, कशा देतील बिचाऱ्या. घड्याळवाले म्हणाले, ताईंच्या शेजाऱ्यांकडून मागा उसनी अक्कल. म्हणजे अनोळखी दारं वाजवत फिरायचं — मग ताईला कळायचं काय राहिलं?

१९ फेब्रुवारी

बसपर्यंत गेले. कंडक्टरचे ओठ हलत होते. पुन्हा हलले. मागचे ढकलायला लागले, तशी उतरले. घरी येऊन कडी लावली, तेव्हा कुठे पडद्यावर उमटलं: "आजी, कुठे जायचंय?"

खूप रडले.

२१ फेब्रुवारी

पिशवी भरली. रिकामी केली.

२४ फेब्रुवारी

पिशवी पुन्हा भरलीय. वेंधळी तर वेंधळी. तिला एकदा डोळे भरून बघेन, बोलणं नाही समजलं तरी. पत्ता मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलाय, कंडक्टरला दाखवायला.

२५ फेब्रुवारी

ताईने दार उघडलं, काहीतरी बोलली. मी हसून मान डोलावली. मी बोलले, तिनेही नुसती मान डोलावली. मी पाणी मागितलं — तिने पंखा लावला!

मग उशीखालून हळूच फोन काढला न् पडद्यावर डोळे लावून बसली. तीच सोय! तिच्याही एकट्या फोनला झेपत नव्हती.

दोन्ही फोन पलंगावर शेजारी शेजारी ठेवले, जोडून दिले. अक्षरं रांगत रांगत आली. ताईचं पहिलं वाक्य:

"म्हणून येत नव्हते गं तुझ्याकडे."