रिकाम्या खोलीचा आवाज

प्रिय ताईस नमस्कार,

लेकीला शाळेत व्हिडिओ बनवायला शिकवतात. या खेपेला घरच्यांची मुलाखत घेऊन यायची होती. तिने नानांना आणि मला शेजारी बसवलं, दोघांच्या कॉलरला छोटे माइक लावले आणि आवाज नको म्हणून पंखा बंद केला. तेवढीच वीज वाचली, मी खूश.

"आजोबा, तुम्हाला मुलं किती?"

"ही एकच," नाना म्हणाले. तू तुझ्या मनाने लग्न केलंस तेव्हापासून त्यांचं हेच उत्तर.

लेक वाट बघत राहिली. प्रश्न विचारून थांबायचं, मग माणूस आपणहून बोलतो, असं सरांनी शिकवलंय. नाना घड्याळाकडे बघत बसले. मी मान खाली घातली.

शेवटी ती म्हणाली, "आता कुणी हलू नका. रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचाय, व्हिडिओचे तुकडे जोडताना मध्ये घालायला लागतो."

शांत बसलं की माझे ओठ आपोआप हलतात. रोजच्यासारखीच पुटपुटले, "देवा, माझ्या ताईला सुखी ठेव." माइक कॉलरलाच होता.

लेकीने हेडफोन लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"काय गं, बिघडलं का? आण इकडे, मला ऐकू दे," नाना म्हणाले.

पुसून टाकू का, असं लेकीने मला डोळ्यांनीच विचारलं.

"दे त्यांना," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं. हेडफोन न काढताच म्हणाले, "पुन्हा लाव."

ताई, मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. ते अजून ऐकतायत. तुझी पत्रं न फोडता तेच परत पाठवायचे, म्हणून तुझा पत्ता फक्त त्यांना ठाऊक. आता बाहेर जाते आणि विचारते.

तुझी धाकटी