सोळा इंची पंखा आणि आप्पांचा माग

३ एप्रिल १९३८, रविवार. शहापूर.
पाडवा झाला. आजपासून रोजनिशी. इंग्रजी तीन इयत्ता शिकलेल्या माणसाला ती शोभते.
निश्चय: आप्पांचं अर्धं राहिलेलं लुगडं मी पुरं करणार. आप्पा म्हणजे माझे वडील, गेल्या जेठात हातमागावर बसल्याबसल्याच गेले. पाय मागाखालच्या खड्ड्यात, कपाळ कापडावर. अकरा हात विणून झालं होतं, पदरासकट सात हात राहिलं. माझ्या लेकीनं, अंजीनं, लग्नात हेच नेसायचं, ही त्यांची इच्छा. लग्न १२ मे, संकेश्वरला द्यायची आहे. पुढं ढकलता येत न्हाय. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, न्हाय तर तीन वर्षं थांबायचं.
रोज अर्धा हात विणलं की चौदा दिवसांत लुगडं उतरलं. उरलेले दिवस आराम. सुताच्या दुकानातल्या लिखापढीतून रजा काढली आहे. माग लहानपणी शिकलोय, विसरत न्हाय ते. दहा महिने त्या खोलीत गेलो न्हाय, कारण वेळ नव्हता.

४ एप्रिल.
बसलो. चार बोटं विणलं. खड्ड्यात पाय एकदम गार लागले. बाहेर आग पडलीय आणि पाय गार! समोर कापडावर आप्पांचं कपाळ टेकलं होतं ती जागा. उठलो.
घाबरलो न्हाय. उकाड्यानं चक्कर आली. खोलीच्या दोन्ही खिडक्यांना आप्पांनी गोणपाट मारून ठेवलंय. त्यांना वाऱ्याचं वावडंच होतं. घरात वीज आली तरी ह्या खोलीत एका दिव्याशिवाय काही बसवू दिलं न्हाय. सायंटिफिक विचार नव्हता.
पॉवरफुल पंखा आणणे.

६ एप्रिल.
बेळगावात विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. विकणारा नागोजी सज्जन आहे. बारा इंची टेबल फॅन दाखवला. म्हटलं, ही तर बाळाला फुंकर झाली. छताचा दाखवला. आमचं आढं खाली आहे, डोकं उडायचं. मग सोळा इंची काढला. पितळी पाती, मान फिरवणारा. त्याच्यापुढं वर्तमानपत्र धरलं, ते थेट रस्त्यावर गेलं. नागोजी म्हणाला, बघा, लई जोर हाय.
घाईनं निर्णय घेणं बरं न्हाय. पुन्हा जाईन.
निघताना अंजीनं विचारलं होतं, आण्णा, परत कधी येणार? पोरीचा जीव आहे माझ्यावर.

९ एप्रिल. दुपार.
विचित्र. चार तारखेपासून मागावर बसलो न्हाय, तरी लुगडं वीतभर वाढलंय. मी नोंद चुकवली असणार. माझा हात चालू लागला की मलाच कळत न्हाय.
जमिनीवर पाण्याचे शिंतोडे. आप्पा असंच तांब्यातून पाणी शिंपडायचे. बायकोला विचारलं. यशोदाबाई म्हणाल्या, मामंजीच येत असतील, त्यांचं काम राहिलंय न्हवं? हसलो. खोलीला बाहेरून कडी घातली.

१४ एप्रिल.
सोळा इंची आणला! गोणपाट फाडून काढलं, खिडक्या उघडल्या. वारा काय सुटला म्हणता! अंजी दारात सुताच्या कांड्या भरत बसली होती, तिच्या हातातली कांडी पडली. आनंदानं.
शेजारचे भरमाण्णा बघायला आले. जन्म मागावर गेलाय त्यांचा. पंखा बघितला, ताणा म्हणजे मागावरचं उभं सूत बघितलं आणि म्हणाले, जोतिबा, लुगडं इणतोस का पापड वाळवतोस रं? दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाय लोकांना.

१५ एप्रिल.
बसलो. टिक. धागा तुटला. सांधला. टिक, टिक. तासाभरात चाळीस मोजले. पंख्याचा स्पीड वाढवला, आणखी तुटले.
आता स्पष्ट लिहितो. आप्पा तोडतायत. रागावलेत. लहानपणीही माझी गाठ जाडी आली की न बोलता धागा तोडून टाकायचे आणि पुन्हा बांध म्हणायचे. पंखा मान वळवून माझ्याकडं बघतो तेव्हा तेच बघतायत असं वाटतं. अंगावर काटा येतो. बंद केला.

१९ एप्रिल.
उपाय केला. मागाजवळ दहीभात, पानाचा विडा, निपाणीची तंबाखू ठेवली. आप्पा, चुकलं असलं तर पोटात घाला, म्हटलं. भरून आलं. दुपारी येऊन बघतो तर भात तसाच, विडा आणि तंबाखू गायब! त्यांनी मानून घेतलं. आप्पा तंबाखू खात नव्हते, पण वर गेल्यावर माणसाच्या सवयी बदलत असतील.
यशोदाबाईंचे ओठ लाल दिसले. उन्हाचा परिणाम.

२६ एप्रिल.
आता उलगडलं. मी घरात असलो की धागे तुटतात. मी बाहेर गेलो की तुटलेले सगळे सांधलेले, गाठी मोहरीएवढ्या, वर वीतभर कापड जास्त. हात आप्पांचाच. पदर सुरू झाला. म्हणजे माझं काम एवढंच, दुपारी घराबाहेर राहणे. हे काम मी चोख करतोय.
पिरनवाडीला जाऊन आलो. काही काम नव्हतं. येताना नागोजीकडं बसलो. ह्याहून पॉवरफुल काही आहे का विचारलं. म्हणाला, मग उडत्या इमानाचाच पंखा बसवा.
खरं सांगायचं तर बरं वाटतं. दहा महिन्यांत आप्पा इतके जवळ नव्हते. परत येताना त्यांच्यासाठी विडा घेतो.

५ मे.
ऊन बाधलं, म्हणून लवकर परतलो. भर दुपार. मागाच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून आवाज. धोटा सरकतो, फणी आपटते, पायाखालची पावडी कुरकुरते. तीच लय. हातात विडा. दार ढकललं आणि म्हणालो, आप्पा.
आवाज थांबला. आतून कुणी तरी म्हणालं, आण्णा, दार लावा आधी, वारं येतंय.
अंजी होती. खड्ड्यात पाय सोडून बसलेली. खिडक्यांना गोणपाट परत मारलेलं, जमीन ओली, आणि पंख्यावर पोतं. आमच्यात बायका कांड्या भरतात, मागावर बसत न्हाईत. पण तिनं सांगितलं, आज्जाचे डोळे गेलते, दोन वर्षं मीच इणतेय. अकरातले सहा हात माझेच. ताण्याला ओल लागते आण्णा, वारं लागलं की सूत वाळतंय आणि तुटतंय. आज्जा गेल्यावर पण मी रोज पाणी मारत होते, न्हाय तर ताणा कामातनं गेला असता.
मला का सांगितलं न्हाईस, विचारलं. ती खाली बघून म्हणाली, आज्जानंच सांगितलतं. तुझ्या बापाला सांगू नगंस, माग त्याला जमला न्हाय, त्याला वाईट वाटंल.
विडा कुठं ठेवावा कळेना. यशोदाबाईंनी हातातून घेतला आणि तिथंच खाल्ला.

१२ मे.
लग्न झालं. लुगडं परवाच उतरलं होतं. पंखा मांडवात लावला. अंतरपाट उडून भटजींच्या तोंडावर गेला, अक्षता पोचल्या व्याह्यांच्या डोळ्यांत. बंद करा तो, असं चारी बाजूंनी ओरडले.
लुगडं कुणी विणलं, असं व्याह्यांनी विचारलं. मी, असं तोंडात आलं होतं. अंजी माझ्याकडं बघत होती. आज्जानं आणि नातीनं, म्हणालो. भरमाण्णांनी पाठीवर हात ठेवला.

१४ मे. दुपार.
अंजी सासरी गेली. घर गप्प आहे.
पंखा नागोजी परत घेत न्हाय. पात्यांवर कुंकू आहे म्हणतो.
मागाच्या खोलीत गेलो. दार लावलं, तांब्यातून पाणी शिंपडलं, खड्ड्यात पाय सोडून बसलो. माग रिकामा. लई वेळ बसलो. घामानं सदरा भिजला. आप्पा येत नव्हते, एकदाही आले नव्हते, हे मला आता ठाऊक आहे. तरी म्हटलं, बघू.
पाय गार लागले.
पाणी मीच मारलं होतं.