कलिंगडवाल्याकडे कॅमेरा नसतो

नारायण पेठ, पुणे
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप गोदाक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, उत्तरेश्वरचा, साष्टांग नमस्कार. (पोटावर पडायला सध्या धजत नाही, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? बार्शीत ऊन तापलं असेल, दुपारची बाहेर पडू नकोस. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि आमच्या शेजाऱ्यांना सगळं ऐकू येतं.

आता बसून वाच. माझ्या यकृतात पुन्हा गाठ निघाली आहे. तोच जुना कॅन्सर, पण या खेपेला एवढीशी, कडेला आणि नेहमीच्या तपासणीत वेळेवर सापडलेली. काढायची हे नक्की. प्रश्न होता कशी काढायची. मागच्यासारखं पोट उघडून, की चार-पाच भोकं पाडून दुर्बिणीतून? अक्का, तेव्हापासून घरात जी धमाल चालली आहे ती चिरंजीव तेजसच्या लग्नातसुद्धा नव्हती. तेजसने हिंजवडीच्या ऑफिसातून रजा काढली आणि अशा ऑपरेशनचा व्हिडिओ जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर लावला. मी आमटी बाजूला सारली. तुझी भावजय दुर्गा मात्र वाढता वाढता बघत होती आणि कडेचं नीट साफ केलं नाही म्हणून त्या अनोळखी सर्जनला नावं ठेवत होती.

मी पहिल्यापासून दुर्बिणीच्या बाजूचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म गेला, तिथं बंद पेटी उघडायची तर वरच्या साहेबांच्या सह्या लागायच्या. उगाच उघडू नये हे अंगात मुरलंय. शिवाय मागचा जखमेचा व्रण आठव, बरगडीखालून आडवा जाऊन मध्येच वर वळलेला. (तो मी पेन्शनच्या रांगेत भीमरावांना शर्ट वर करून दाखवला होता. त्यांच्या बायपासचा व्रण त्यापुढे अगदीच किरकोळ ठरला, ते अजून धड बोलत नाहीत. आता नुसती भोकं काय दाखवणार, एवढीच एक हळहळ आहे.) दुर्गा मात्र उघडून करण्याच्या बाजूची. ती मंडईत कलिंगड कसं घेते ते तुला ठाऊक आहेच. विक्रेता टाकी लावून लाल तुकडा काढून दाखवतो, त्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. अख्खं कापून दाखव, मग घेते. त्या पायी मंडईतले निम्मे फळवाले हिला पाहून पाठ फिरवतात.

तर तिने हा हिशेब थेट ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर पूर्णिमा यांच्यापुढे मांडला. (बाई तेजसपेक्षाही लहान दिसतात, पण बोलणं अस्सल पेठेतलं.) "अहो डॉक्टर, टाकी लावलेलं कलिंगड मी घेत नाही. हे तर माझे मिस्टर आहेत."

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "तुमच्या कलिंगडवाल्याकडे कॅमेरा असतो का?"

अक्का, दुर्गाने लगेच खुर्ची पुढे ओढून घेतली. मग डॉक्टरांनी समजावलं की माझी गाठ आहे तिथं रोगाच्या दृष्टीने दोन्ही रस्ते सारखेच, पण दुर्बिणीने दुखणं कमी आणि घरी लवकर. झालं! आता दुर्गा दुर्बिणीची अशी भक्त झाली आहे की दूधवाल्यालाही थांबवून सांगते. आपल्या डॉक्टर दुर्बिणीनेच काढणार, पोट उघडलं तर समजायचं काहीतरी बिघडलं! मला तर आत्ताच बरं झाल्यासारखं वाटतंय. येता गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन. भाऊजींना नमस्कार, सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. दुर्गा औषधं आणायला गेली तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला आणखी सांगितलं. पहिल्या ऑपरेशननंतर आतलं सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं असतं. ते दुर्बिणीने सुटलं नाही तर मध्येच पोट उघडावं लागेल, आणि माझ्या बाबतीत ती शक्यता बरीच आहे. तसं केलं तर तो शहाणपणा, बिघाड नव्हे. हे दुर्गाला सांगायला मी रोज तोंड उघडतो आणि तिचा आनंद बघून मिटतो. मागच्या खेपेला नर्स नुसती रक्ताची पिशवी मागायला बाहेर आली, तर ही कॉरिडॉरमध्ये मटकन खाली बसली होती. माझी मला भीती आहेच, पण आत मी झोपलेला असेन. बाहेर ही जागी असेल. म्हणून अक्का, गुडघे दुखत असले तरी आदल्या दिवशी, बुधवारी ये. डॉक्टर बाहेर येऊन उघडलं म्हणाल्या, तर तू फक्त सांग की हे आधीच ठरलं होतं. ती तुझंच ऐकते.

ता. क. २. पत्ता घालायला पाकीट दुर्गाकडे देतोय, माझं अक्षर बार्शीच्या पोस्टमनला लागत नाही. घट्ट चिकटवूनच देईन, काळजी नसावी.

वन्सं, नमस्कार. पाकीट चहाच्या आधणावर धरलं, कुठं फाटू दिलं नाही. डॉक्टरांनी मलाही बाजूला घेऊन हेच सांगितलं आहे. दूधवाल्याला सांगते ते ह्यांना ऐकू जावं म्हणून. तुम्ही बुधवारी याच, मला एकटीला बसवणार नाही. पण मला ठाऊक आहे हे ह्यांना कळू देऊ नका. मला काही कळलेलं नाही या समाधानात ते दोन घास जास्त जेवतात.
— दुर्गा